बंद कधी ठेवणार?

प्रार्थना गट सुरू करायचाय म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी विचारते, ‘बंद कधी ठेवणार?’ समोरच्याचा चेहरा उतरतो. पहाटेची प्रार्थना, उपासप्रार्थना, साखळी प्रार्थना असा भरगच्च बेत घेऊन आलेल्या माणसाला हा प्रश्न अविश्वासाचा वाटतो. पण मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि निवृत्त होईपर्यंत स्टाफ नर्स म्हणून ड्युटी केली. ज्या वॉर्डाच्या चार्टवर ऑफ नसतो, त्या वॉर्डात चुका होतात. प्रार्थनेच्या खोलीत निराळं काही होत नाही.

कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीत प्रार्थना गट एकदा मोठ्या जोमानं उभा राहिला, कोसळला, आणि काही काळानं पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या खेपेपासून विनंत्यांची वही माझ्याकडं आहे. पहिल्या खेपेला मी शिफ्ट सांभाळून जमेल तेव्हा जाणारी होते, त्यामुळं जे घडलं ते मागच्या खुर्चीवरून पाहिलं.

सुरुवात चांगल्या गोष्टीनं झाली होती. मंडळीतला एक तरुण हायवेवर अपघातात सापडला, बरेच दिवस बेशुद्ध होता. लोक रात्री चर्चच्या हॉलमध्ये जमायला लागले. पोरगं वाचलं, काठी टेकत रविवारी आलं, त्यानं साक्ष दिली, सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात ठरलं, की आता हे थांबवायचं नाही. रोज पहाटे पाचला प्रार्थना. शुक्रवारी उपास. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्रभर साखळी. वर घरोघरी कॉटेज मीटिंगा. नाही म्हणणार कोण? नाही म्हटलं की विश्वास कमी पडला.

हे सगळं ओढायची एक ताई. नवरा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत शिफ्टवर, पोरगा दहावीला. पहाटे हॉलचं कुलूप काढणार ती, सतरंज्या घालणार ती, विनंत्या लिहून घेणार ती, न आलेल्यांना फोन करणार तीच. जुलैत कोल्हापूरचा पाऊस लागला आणि हजेरी गळाली. ताईला वाटायचं, लोक थंड पडले. लोकांना वाटायचं, ही प्रार्थनेतच आपल्याला टोमणे मारते. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. पुढच्या वर्षी ती पहाटेलाच काय, रविवारच्या उपासनेलाही येईनाशी झाली. गट बंद पडला याचं मला फार वाईट वाटलं नाही. प्रार्थना करणारी एक बाई मंडळीपासून तुटली, ते अजून लागतं.

त्या पहिल्या खेपेला वहीचंही काही खरं राहिलं नव्हतं. नावं चढायची, उतरायची नाहीत. एके सकाळी वाचणाऱ्यानं नेहमीच्या ठेक्यात यादी वाचली. त्यात एका आजोबांचं नाव आलं, मूत्रपिंडाच्या आजारातून प्रभूनं त्यांना उठवावं म्हणून. आजोबांना माती देऊन महिना होत आला होता. त्यांची सून माझ्या शेजारी बसलेली. तिनं मान वर केली नाही, पदर सारखा केला, उठली, दाराशी चप्पल शोधून निघून गेली. तोवर बाकीच्यांचं ‘आमेन’ म्हणून झालं होतं.

व्हॉट्सअॅप ग्रुप आला तेव्हा गोष्टी अजून पुढं गेल्या. आयसीयूत नळ्या लावलेल्या एका बाईचा फोटो ‘अर्जंट प्रार्थना विनंती’ म्हणून फिरला आणि पुण्यात नोकरीला असलेल्या तिच्या मुलाला आईची तब्येत आपल्या माणसाकडून कळायच्या आधी भलत्याच ग्रुपवरून कळली. आणि एक प्रकार तर जुनाच आहे, मोबाइलच्याही आधीचा: देवाला सविस्तर माहिती देणारी प्रार्थना. ‘हे बापा, तुला ठाऊक आहे की आमच्या अमक्या बहिणीचा जावई गेले तीन महिने घरी पगार देत नाही...’ त्याला ठाऊक आहेच. ठाऊक नव्हतं ते खोलीतल्या बाकीच्यांना. मुलीचं लग्न ठरायच्या वेळी असली एखादी प्रार्थना केवढ्याला पडते, हे आमच्या छोट्या समाजात सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक करतातच.

सगळ्यात धोक्याचं मात्र बाहेरून आलं. कुणीतरी एक पाहुणे वक्ते बोलावले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून एका मावशींना सांगितलं, की साखर गेली, आता इन्शुलिन म्हणजे अविश्वास. मावशींनी इन्शुलिन सोडलं. आठवड्याभरात त्यांना उलट्या, धाप, ग्लानी. वेळेवर ॲडमिट केलं म्हणून वाचल्या. वक्ते तोवर दुसऱ्या गावी गेले होते. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा मनाई करतो. पण कायद्यापर्यंत जायची वेळच का यावी? या भागात शुभवर्तमान आणि दवाखाना हातात हात घालून आले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेचं हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू केलं. तिथं प्रार्थना करून मग ऑपरेशनला हात घालणारी माणसं आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाहिली. आमच्या गटात आता पहिला नियम हाच: गोळी, इंजेक्शन, ऑपरेशनची तारीख यांबद्दल प्रार्थना करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आणि पाहुणा बोलवायचा तर पाळकसाहेब आणि पंचकमिटीला विचारूनच.

गट बंद पडला त्या काळात मी वाचत बसले. ज्या प्रार्थना खरोखर टिकल्या, त्या कशानं टिकल्या हे बघायचं होतं. जर्मनीत हेर्नहुट गावी मोरावियन लोकांनी १७२७ मध्ये अखंड प्रार्थना सुरू केली, ती शंभर वर्षांवर चालली. आपल्या लोकांना त्यातला ‘अखंड’ तेवढा आवडतो. पण तिथं २४ पुरुष आणि २४ बायांनी दिवसाचे तास वाटून घेतले होते. एकेकाच्या वाट्याला एकेक तास. उरलेल्या वेळात ती माणसं आपापली कामं करत होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रार्थना सप्ताहाची हाक १८५८ मध्ये पंजाबातल्या लुधियानाच्या मिशनऱ्यांनी दिली, १८६० पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. तो आठवड्यात संपतो, म्हणून पुढच्या जानेवारीत पुन्हा सुरू होतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन बायकांनीच चालवलाय; दर वर्षी वेगळ्या देशातल्या बायका उपासनेचा क्रम तयार करतात. म्हणजे ओझं एकीच्याच डोक्यावर राहत नाही.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते आमच्याच गावचं उदाहरण. रॉयल वायल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चवरून येता-जाता ते नाव आपण वाचतो. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. पुढं कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टनला राहिलं. रॉबर्ट घरी कॉलेजच्या पोरांच्या सभा घ्यायचा, आणि त्याच वेळी बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत, त्या पोरांनी परदेशी सेवेला तयार व्हावं म्हणून, प्रार्थनेला बसायची. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या शिबिरात रॉबर्टही होता; तिथं शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला तयार झाले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. ग्रेसबाई स्वतःही भारतात परतल्या, इकडंच सेवा केली. ही गोष्ट आमच्याकडं भाषणांत येते ती ‘बघा, प्रार्थनेनं काय होतं’ एवढ्यापुरती. मी त्यातली खोली बघते. मागायचं काय ते नेमकं ठरलेलं, बसायची वेळ ठरलेली, आणि भिंतीपलीकडं काम चालू. सभाच नसती तर त्या खोलीचं काय झालं असतं, कोण जाणे.

तेव्हा आता आमचं कसं चालतं ते सांगते. तुमच्या मंडळीला जमेल तेवढं घ्या.

बुधवारी संध्याकाळी सातपासून पाऊण तास. घड्याळ बघून सुरू, घड्याळ बघून बंद. मे महिना बंद, कारण निम्मी मंडळी गावी जाते. नाताळच्या आठवड्यात बंद, तेव्हा सगळे कॅरलला बाहेर. बंदच्या दिवसांत कुणाला गरज पडली तर पाळकसाहेब आहेत, वडील मंडळी आहेत, आणि देवाला सुट्टी नसते. आपण त्याच्या जागी ड्युटीवर नाही, हे एकदा डोक्यात बसलं की बरीच ओढाताण कमी होते. इथ्रोनं मोशेला काम वाटून दे म्हणून सांगितलं ते निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे; सासऱ्याचं ऐकलं म्हणून मोशेचा विश्वास कमी झाला असं कुठं लिहिलेलं नाही.

दर बुधवारी दोघं जबाबदार असतात, आणि जोडी तीन महिन्यांनी बदलते. एकानं कुलूप-सतरंजी, एकानं त्या संध्याकाळपुरती वही. मोठ्यानं प्रार्थना न करणारेही या जोडीत येतात. आमच्यात एक काका आहेत, वर्षानुवर्षं त्यांनी चार माणसांत तोंड उघडलं नाही. पण कुणाचं ऑपरेशन कधी, कुणाची केस कुठल्या तारखेला, त्यांना पाठ असतं. असा माणूस गटात पाहिजेच. गळा असलेले पुष्कळ मिळतात.

वही हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं सविस्तर. पानावर रकाने आहेत: विनंती काय, कुणी दिली, कुठवर सांगायची परवानगी आहे, आणि पुन्हा कधी विचारायचं. हा शेवटचा रकाना मी हॉस्पिटलमधून आणला. ड्युटी सोडताना पुढच्या सिस्टरला पेशंट हँडओव्हर करतात, तसा. महिनाभरानं त्या माणसाला फोन जातो: ‘जयख्रिस्त, कसं आहे आता?’ बरं असेल तर नाव उतरतं आणि आभार मानले जातात. तसंच असेल तर विचारून पुन्हा चढतं. विचारल्याशिवाय कुठलंही नाव दुसऱ्या महिन्यात जात नाही. ज्याची परवानगी ‘फक्त पाळक’ एवढीच आहे, त्याचं नाव वहीत नसतंच. दारातल्या पेटीत निनावी चिठ्ठ्याही येतात. त्या वाचून प्रार्थना झाली की तिथंच फाडायच्या. ‘घरच्या शांतीसाठी’ एवढं लिहिलेलं असेल तर तेवढंच म्हणायचं, त्याला शेपूट जोडायचं नाही.

व्हॉट्सअॅपवर आता फक्त ॲडमिन लिहितो. फोटो नाही, आजाराचं नाव नाही, रात्री नऊनंतर काही नाही. तरण्या पोरांना हे फार कडक वाटलं. पण त्यातल्याच एकाच्या वडिलांची बायपास झाली, तेव्हा त्यानंच मला येऊन सांगितलं, की फोटो टाकू देऊ नका.

एकटीनं एकट्याशी बंद दाराआड प्रार्थना करायची नाही. पोराबाळांच्या बाबतीत तर अजिबात नाही. बायकांसाठी बाई बसते. प्रार्थनेच्या खोलीत पैसा येत नाही, ना दान ना आभाराचं पाकीट. ते रविवारच्या थैलीत. नवस फेडल्यासारखं कुणी नोटा पुढं केल्या, तर गोड बोलून परत करायच्या.

एक गोष्ट मात्र वाढवली. प्रार्थनेनंतर दहा मिनिटं कामाची: डबा कोण नेणार, रक्त कोण देणार, म्हातारीला बँकेत कोण नेणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी कुठल्या कुठं मागं टाकली आणि शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही बुधवार चक्क रद्द केले. भाकऱ्या केल्या, अंथरुणं गोळा केली. भाकरी थापताना जो तो आपापल्या तोंडात काय पुटपुटत होता, ते वहीत आलेलं नाही.

आणि प्रार्थना करूनही माणूस गेलं, तर? जातंच की. मी वॉर्डात पुष्कळांना जाताना पाहिलंय. त्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणायला आमच्यातलं कुणी जात नाही. मातीला जातो, आणि पै-पाहुणे पांगले की, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, चहाला जाऊन बसतो. वहीत त्याचीही तारीख घालतो, नाहीतर राहून जातं.

वहीची जबाबदारी यापुढं दोन वर्षांची ठरलीय, माझी जूनमध्ये संपते. पुढं घेणारी मुलगी बँकेत आहे. तिला बुधवार जमत नाही, गुरुवार करायचा म्हणते, आणि पाऊण तासाचा अर्धा. दोघातिघांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, करू दे.