चिखलातील अदृश्य वस्ती

ठाणे व कल्याण यांच्या दरम्यान दिवा हे रेल्वेचे जंक्शन आहे. जवळच उल्हास नदीची खाडी आहे. ओहोटी लागली म्हणजे तिवरांच्या मुळांशी काळाभोर चिखल उघडा पडतो व सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. जाणारे-येणारे नाकास रुमाल लावतात. पण हा वास नुसत्या घाणीचा नव्हे. चिखलात खोल, जेथे प्राणवायू पोचत नाही तेथे, काही जीवाणू खाऱ्या पाण्यातील गंधकयुक्त क्षारांच्या आधारे जगतात. त्यांनी सोडलेल्या वायूचा तो वास होय. त्याच वायूचा लोहाशी संयोग झाला की चिखल काळा पडतो.

चमचाभर चिखलात असे जीवाणू कोट्यवधी असतात. त्यांचे प्रकार किती, हे मात्र सूक्ष्मदर्शकातून कळत नाही. कोणी ठिपक्यासारखा, कोणी काडीसारखा. चेहऱ्यावरून ओळख पटावी असे त्यांच्याजवळ काही नसते.

रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत 1881 च्या सुमारास आगर वापरात आले. ही युक्ती फॅनी हेसे या गृहिणीने स्वयंपाकघरातून सुचविली. आपल्याकडे ज्याला चायना ग्रास म्हणतात, तोच हा पदार्थ. बशीत आगराचा थर देऊन त्यावर पातळ केलेला चिखल पसरला, की काही दिवसांत जीवाणूंच्या वसाहती दिसू लागतात. हायस्कूलच्या मुलांसही शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करता येते. मात्र एकदा बंद केलेली बशी उघडावयाची नसते.

पण बशीत उगवतात ते बहुधा शंभरात एखादेच! लग्नघरी सर्वांस पुरणपोळीच वाढावी आणि जेवले तेवढेच पाहुणे मोजावेत, तसा हा हिशेब झाला.

मग न उगवणाऱ्यांस ओळखावे कसे? प्रत्येक जीवाच्या पेशीत डी.एन.ए. असतो. त्यावरील मजकूर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. प्रथिने बनविणाऱ्या यंत्राचा एक भाग घडविणारा सुमारे 1500 अक्षरांचा मजकूर सर्व जीवाणूंत असतो, परंतु प्रकारागणिक थोडा बदलतो. कार्ल वूझ यांनी 1977 मध्ये याच भागाची तुलना करून दाखविले, की जीवाणूंसारखे दिसणारे काही जीव वेगळ्याच कुळातील आहेत. त्यांना आर्किया म्हणतात. 2020 च्या जून महिन्यात लोणारचे सरोवर गुलाबी झाले, ते याच कुळातील मीठप्रिय जीवांमुळे.

चिखलातून मिळालेला डी.एन.ए. अत्यल्प असतो. म्हणून तो तापवून व निववून वारंवार दुप्पट करतात. तीस वेळा दुप्पट केल्यास एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. ही रीत कॅरी मलिस यांनी 1983 मध्ये शोधली. त्यासाठी उष्णतेत टिकणारे द्रव्य लागते. ते यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यात, म्हणजे गणेशपुरीसारख्याच पण अधिक कढत पाण्यात, राहणाऱ्या एका जीवाणूकडून मिळाले.

पुढे प्रयोगशाळेतील यंत्र अक्षरे वाचते व ती पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहतात. या रीतीत मेलेल्या पेशींचा मजकूरही वाचला जातो, एवढे ध्यानात ठेवावे लागते. कित्येक मजकूर कोणत्याच नोंदीशी जुळत नाहीत. अशा जीवाणूंस नाव मिळत नाही. तूर्त नुसता क्रमांक मिळतो.