पत्र्याचे गुपित

तुमच्या ओळखीचे कोणी जुनी मोटार घ्यायला निघाले, तर खिशात लहानसा लोहचुंबक टाकून त्यांच्याबरोबर जा. चुंबक रुमालात गुंडाळा, नाहीतर रंगावर ओरखडे पडतील आणि मालक रागावेल! आता तो दारावर, मडगार्डवर जागोजागी टेकवा. एका जागी घट्ट चिकटतो; वीतभर पुढे मात्र घसरून पडतो. असे का?

गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. त्याला पोचा आला की डेंटर एका बाजूने लोखंडी ठोकळा धरून दुसरीकडून हातोडीने तो उठवतो. उरलेला खळगा पुट्टीने भरून घासतो, वर रंग देतो. पुट्टीत लोखंड नसते. चुंबक आणि पत्रा यांत तेवढे अंतर पडते, आणि अंतर वाढताच आकर्षण झपाट्याने घटते. घरच्या लोखंडी कपाटावर मध्ये कागद घालून पाहा. कितव्या कागदाला चुंबक घसरतो?

थोडी पुट्टी हा दोष नव्हे. जाड थराखाली मात्र न खरवडलेला गंज असू शकतो. ओल शिरली की तो वाढतच जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. ट्रकचा भार वेगळ्या चासीवर असतो. बहुतेक मोटारींत तो या पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. तेव्हा दाराखालचा उंबरठा नीट तपासा.

आणि हो, बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो. तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून भांडू नका!