तेरवी झाल्यावर सोबत चाला : दुःखातल्या मुलाला आधार



घरातलं कोणी गेलं की तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. मग पाहुणे आपापल्या गावी जातात आणि खरं एकटेपण तेव्हा सुरू होतं. मूल शाळेत परत येतं. आपण म्हणतो, "आता अभ्यासात लक्ष दे." पण लक्ष लागत नाही.

माझ्या वर्गातल्या सहावीच्या एका मुलाची आई गेली. जवळ बसवून काही विचारलं की तो मान खाली घालायचा. मग त्याच्या बाबांशी बोललो आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं गावतलावाच्या पाळीवरून चालू लागलो. तीन शनिवार तो काहीच बोलला नाही. चौथ्या शनिवारी पाण्यातल्या शिंगाड्याच्या वेलीकडे पाहून म्हणाला, "सर, आई शिंगाडे उकडून द्यायची." तो रडला. त्याचे बाबा त्याच्यासमोर पहिल्यांदाच रडले.

असं का होतं?

१. समोर बसलं की उत्तर द्यावंच लागतं. शेजारी चालताना गप्प राहिलं तरी चालतं.

२. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की दुःखातलं माणूस कधी आठवणीत बुडतं, कधी रोजच्या जगण्यात परततं. हे मागेपुढे होणं स्वाभाविक आहे. चालताना दोन्हींना जागा मिळते.

३. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात, निसर्गात ९० मिनिटं चाललेल्या लोकांच्या मनात तेच ते विचार घोळणं कमी झालं. रहदारीच्या रस्त्याने चाललेल्यांत तसं दिसलं नाही. ही माणसं शोकात नव्हती, म्हणून चालणं म्हणजे औषध असं समजू नका.

कसं करायचं?

- आपला भंडारा तलावांचा जिल्हा. गावची बोडी, मालगुजारी तलावाची पाळ, धानाच्या बांधीचा धुरा पुरेसा आहे.
- ठरलेला वार, २०-३० मिनिटं. वाट मुलालाच निवडू द्या. एखादी जागा त्याला नको वाटू शकते.
- "रडू नको, तू आता मोठा झालास" असं म्हणू नका. गेलेल्या माणसाचा विषय टाळूही नका.
- पालक सोबत हवेतच. पावसाळ्यात पाळ निसरडी असते. कोका-नागझिऱ्याकडच्या जंगलात पायी शिरू नका. मोहफुलांच्या दिवसांत तिथे अस्वलं असतात.
- मूल जेवत-झोपत नसेल, किंवा "मलाही जायचं आहे" असं म्हणत असेल, तर वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

त्या मुलाचं दुःख संपलं नाही. पण घरात आईबद्दल बोलणं सुरू झालं. तुमच्या वर्गात असं मूल असेल, तर येत्या शनिवारी त्याच्या घरच्यांना विचारून बघा.