हिरव्या शब्दांची गोष्ट

इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर ‘जंगल’ हा शब्द इंग्रजीत लिहिला. मी म्हणालो, “हा आपला शब्द आहे, इंग्रजांनी घेतला.” माझा मित्र म्हणाला, “नाही, आपणच त्यांचा घेतला.” पैज लागली. हरेल त्याने आठवडाभर वर्ग झाडायचा. मग गुरुजींनी जे सांगितलं ते मी इथे लिहीत आहे.

जंगल हा शब्द मूळचा संस्कृत आहे. इंग्रज भारतात आले तेव्हा त्यांनी तो इथल्या लोकांच्या तोंडून ऐकला. सुमारे २५० वर्षांपूर्वी तो इंग्रजी पुस्तकांत आला. म्हणजे पैज मी जिंकलो!

पण गुरुजींनी मला विचारलं, “जंगल म्हणजे काय?” मी म्हणालो, “दाट हिरवी झाडी.” तर संस्कृतात तसं नाही! जांगल म्हणजे कोरडी जमीन. तिथे पाऊस कमी, झाडं विरळ. चरकसंहितेत जमिनीचे तीन प्रकार आहेत. जांगल म्हणजे कोरडी, आनूप म्हणजे पाणथळ आणि साधारण म्हणजे मधली. पुढे पडीक, झुडपं माजलेल्या जागेलाही लोक जंगल म्हणू लागले. मग दाट झाडीलाही तेच नाव पडलं. इंग्रजीत तर जंगल म्हटलं की ओलं, हिरवंगार रानच डोळ्यांपुढे येतं. ‘जंगल बुक’ लिहिणारे किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मले. ते पुस्तक १८९४ साली निघालं.

आता इंग्रजांचे स्वतःचे शब्द पाहू. ग्रीन म्हणजे हिरवा, ग्रास म्हणजे गवत, ग्रो म्हणजे वाढणे. हे तिघे एकाच मुळाचे भाऊ आहेत. जे वाढतं ते हिरवं! व्हर्डंट म्हणजे हिरवागार. त्याचं मूळ लॅटिनमधल्या विरिडिस शब्दात आहे. तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. लश म्हणजे आधी मऊ, सैल. मग रसाळ, टवटवीत गवतालाही लश म्हणू लागले. शेक्सपिअरने ‘टेम्पेस्ट’ नाटकात गवताला लश म्हटलं आहे.

आमच्या माळावर नुसत्या बाभळी आणि वाळकं गवत आहे. संस्कृतप्रमाणे तेच खरं जांगल!

शब्द कुणाचा ते मला ठाऊक होतं, पण अर्थ अर्धाच ठाऊक होता. म्हणून वर्ग आम्ही दोघांनी मिळून झाडला.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी