दवाखान्यातून विधिमंडळाकडे

(डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या ब्रिटिश हिंदुस्थानातील विधिमंडळाच्या पहिल्या महिला सभासद. रोग्यांना बरे करणाऱ्या या डॉक्टर बाईंनी समाजाच्या एका जुन्या दुखण्यावर कायद्याने इलाज कसा केला, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत तपासणीसाठी डॉक्टर येतात. ते तुमची उंची मोजतात, वजन करतात, डोळे आणि दात पाहतात. तुम्ही रांगेत उभे राहता, हसता, एकमेकांना ढकलता आणि वर्गात परत जाता. तुम्हांला ही साधी गोष्ट वाटते. पण शाळेतील प्रत्येक मुलाची तपासणी व्हावी, ही मागणी कोणाला तरी सरकारपुढे मांडावी लागते. त्यासाठी पैसा मंजूर करून घ्यावा लागतो. हे काम दवाखान्यात होत नाही, ते विधिमंडळात होते. मद्रास इलाख्यात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ही मागणी एका बाईंनी मांडली. त्या स्वतः डॉक्टर होत्या. त्यांचे नाव मुथुलक्ष्मी रेड्डी.

१८८६ या वर्षी आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी ३० जुलै रोजी दक्षिणेतील पुदुकोट्टै या छोट्या संस्थानात मुथुलक्ष्मींचा जन्म झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे शिक्षणक्षेत्रातील नावाजलेले गृहस्थ होते. आई चंद्रम्मा देवदासी समाजातील होत्या. या समाजातील मुलींना लहानपणीच देवाला वाहण्याची प्रथा होती. अशा मुलीचे लग्न होत नसे. तिने देवळात गायचे, नाचायचे आणि जन्मभर देवळाची सेवा करायची. प्रत्यक्षात गावातील धनवान लोक तिच्या असहायपणाचा फायदा घेत. चंद्रम्मांशी संसार केला म्हणून नारायणस्वामींना त्यांच्या नातेवाइकांनी दूर केले. घरातील हे दुःख मुथुलक्ष्मींनी लहानपणापासून पाहिले.

त्या अभ्यासात हुशार होत्या. मॅट्रिकनंतर त्यांनी पुदुकोट्टैच्या महाराजा कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला. ते मुलांचे कॉलेज होते. मुलगी वर्गात बसली तर आम्ही आमची मुले काढून घेऊ, असे काही पालक म्हणू लागले. शेवटी प्रकरण संस्थानच्या राजेसाहेबांकडे गेले. त्यांनी प्रवेश देण्याचा हुकूम केला आणि शिष्यवृत्तीही दिली. १९०७ मध्ये मुथुलक्ष्मी मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये पदके व बक्षिसे मिळवून डॉक्टर झाल्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मला बरोबरीने वागवावे आणि माझ्या कामाच्या आड येऊ नये, ही त्यांची अट होती. डॉ. रेड्डींनी ती आनंदाने मान्य केली आणि शेवटपर्यंत पाळली.

दवाखाना चांगला चालू लागला. रोज बायका येत, मुले येत. पण डॉक्टरीण बाईंच्या मनाला एक गोष्ट सारखी टोचत असे. बारा-तेरा वर्षांच्या मुली बाळंतपणासाठी येत. त्यांतील काही परत घरी जात नसत. औषध देऊन एक मुलगी वाचवावी, तर तिच्यामागे दुसरी तशीच उभी! रोगाचे मूळ शरीरात नव्हते, ते चालीरीतींत होते. चालीरीतीवर कोणते औषध द्यायचे?

मित्रांनो, आता त्या काळाच्या राज्यकारभाराबद्दल थोडे समजून घ्या. इंग्रजांच्या राज्यात प्रत्येक इलाख्यासाठी एक विधिमंडळ होते. त्यातील बरेच सभासद मतदारांनी निवडलेले असत, तर काही सरकारने नेमलेले असत. मद्रास इलाख्याने १९२१ मध्ये स्त्रियांना मताचा हक्क दिला. पुढे १९२६ मध्ये निवडणुकीला उभे राहण्याचा हक्कही मिळाला. त्या वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय निवडणुकीला उभ्या राहिल्या, पण थोड्या मतांनी हरल्या. तेव्हा विधिमंडळात निदान एक स्त्री नेमावी, अशी मागणी महिलांच्या संस्थेने सरकारकडे केली आणि डॉ. मुथुलक्ष्मींचे नाव सुचवले. त्या नुकत्याच इंग्लंडहून पुढील वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या होत्या. राजकारणात गेलो तर आपल्या रुग्णांचे काय होईल, या काळजीने त्या आधी तयार नव्हत्या. अखेर त्यांनी होकार दिला. विधिमंडळात सभासदांनी त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडले. सगळ्या पुरुषांच्या सभागृहात एक स्त्री अध्यक्षांच्या गैरहजेरीत त्यांच्या खुर्चीवर बसू लागली!

खुर्ची मिळाली म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी, गरीब मुलींना फी माफी, स्त्रिया व मुले यांच्यासाठी इस्पितळांत वेगळी सोय, मुलींच्या लग्नाचे वय वाढवणे असे एकामागून एक विषय त्यांनी सभागृहात मांडले. मुस्लिम मुली शिकायला तयार होत्या, पण शहरात राहायचे कोठे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांच्यासाठी वसतिगृह सुरू व्हावे म्हणून मुथुलक्ष्मींनी खटपट केली. दलित मुलींना शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनही त्या झटल्या. स्वतःला कॉलेजचे दार किती मुश्किलीने उघडले होते, हे त्या विसरल्या नव्हत्या.

पण सर्वांत कठीण काम पुढेच होते. १९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी ठराव मांडला, की मुलींना देवाला वाहण्याची प्रथा सरकारने कायद्याने बंद करावी. ठराव मंजूर झाला. मात्र ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव ही सरकारला केलेली शिफारस असते. सरकार ती मानील किंवा बाजूला ठेवील.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. काही पुढारी म्हणाले, हा धर्मात हात घालण्याचा प्रकार आहे. काही देवदासी स्त्रियांनीही सरकारकडे अर्ज केले. आमची कला आणि आमची रोजी यांचे काय, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल खोटा नव्हता. गाणे आणि नाच या कला याच स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या होत्या. शिवाय देवळाच्या सेवेबद्दल त्यांना इनाम जमिनी मिळालेल्या होत्या. जोपर्यंत घरातील एखादी मुलगी देवळाची सेवा करील, तोपर्यंतच जमीन घरात राहणार! म्हणून आई स्वतःच्या मुलीला देवाला वाही. तिला मुलीची माया नव्हती असे नाही. जमीन गेली तर सगळे घर उपाशी मरेल, ही भीती होती.

चांगला डॉक्टर रोग्याला नुसता रागावत नाही. रोग कशामुळे झाला ते शोधतो. मुथुलक्ष्मींनी तसेच केले. १९२९ मध्ये देवस्थानांच्या कायद्यात दुरुस्ती करून घेण्यात त्या यशस्वी झाल्या. या दुरुस्तीने जमीन आणि देवळाची सेवा यांची गाठ सोडवली. सेवा सोडली तरी जमीन देवदासीकडेच राहणार, असे ठरले. मुलीला वाहण्याचे एक मोठे कारणच त्यामुळे नाहीसे झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सारडा कायदा मंजूर झाला. त्याने लग्नासाठी मुलीचे वय किमान १४ आणि मुलाचे १८ ठरवले. मुथुलक्ष्मींनी मद्रासमध्ये त्यासाठी आवाज उठवला होता.

१९३० मध्ये त्यांनी देवदासी प्रथा बंद करणारे विधेयक सभागृहापुढे आणले. इतक्यात देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाली. त्याच्या निषेधार्थ मुथुलक्ष्मींनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. हाती घेतलेले विधेयक अर्धवट राहिले.

मित्रांनो, क्षणभर थांबा आणि विचार करा. खुर्चीवर राहिल्या असत्या, तर कदाचित विधेयक लवकर पुढे गेले असते. राजीनामा दिला नसता, तर देश लढत असताना त्या परकीय सरकारने दिलेल्या पदावर बसून राहिल्या असत्या. दोन्हींपैकी काय निवडले तरी काही तरी गमवावे लागणार होते. त्यांनी पद सोडले, काम मात्र सोडले नाही.

त्याच सुमारास काही देवदासी मुली आसरा मागत त्यांच्या दारी आल्या. मद्रासमधील वसतिगृहे त्यांना घेईनात. कोणी जातीचे कारण सांगे, कोणी त्यांच्या जन्माचे. मुथुलक्ष्मींनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. त्यातूनच निराधार मुलींसाठी ‘अव्वै होम’ ही संस्था उभी राहिली. तिला प्राचीन तमिळ कवयित्री अव्वैयार यांचे नाव दिले आहे. तेथे कोणत्याही मुलीला जात किंवा धर्म विचारून परत पाठवले जात नसे.

१९३३ मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नव्या राज्यघटनेचा विचार चालू होता. तेथील समितीपुढे स्त्रियांची बाजू मांडण्यासाठी महिला संस्थांनी तिघींना पाठवले. राजकुमारी अमृत कौर, अब्बास तय्यबजींच्या कन्या बेगम हमीद अली आणि डॉ. मुथुलक्ष्मी. एक ख्रिस्ती, एक मुस्लिम, एक हिंदू. स्त्रियांची धर्मावरून वाटणी करू नका, असे तिघींनी एका आवाजात सांगितले.

देवदासी प्रथा बंद करणारा कायदा मद्रासमध्ये अखेर १९४७ मध्ये मंजूर झाला. ठरावापासून कायद्यापर्यंत वीस वर्षे लागली! तोपर्यंत मुथुलक्ष्मींनी साठी ओलांडली होती.

तरीही त्या थांबल्या नाहीत. त्यांची बहीण तरुणपणी कर्करोगाने वारली होती. ते दुःख मनात ठेवून त्यांनी कर्करोगाच्या इस्पितळासाठी अनेक वर्षे पैसा गोळा केला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९५४ मध्ये मद्रासच्या अड्यार भागात केवळ १२ खाटांचे इस्पितळ सुरू झाले. आज ते देशातील कर्करोगाच्या मोठ्या इस्पितळांपैकी एक आहे. १९५६ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, मुथुलक्ष्मी विधिमंडळात साडेतीन वर्षेसुद्धा नव्हत्या. पण जिला कोणी आत येऊ देत नव्हते, तिच्या वतीने त्या आत जाऊन बोलल्या. आपल्या आईचा समाज त्यांना लपवता आला असता. मोठ्या डॉक्टर म्हणून मान मिळत होताच. त्यांनी तो लपवला नाही, उलट त्याच समाजातील मुलींसाठी सभागृहात उभ्या राहिल्या. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी आमदार होईल. तेव्हा एवढेच आठवा: आपल्यासाठी उघडलेले दार आपण आत गेल्यावर लावून घ्यायचे नसते.

शब्दार्थ
विधिमंडळ – कानून बनवणारी सभा
इलाखा – ब्रिटिश काळातील प्रांत, सुबा
प्रथा – रिवाज
ठराव – सभेने मंजूर केलेली सूचना
विधेयक – मंजुरीसाठी मांडलेला कायद्याचा मसुदा
वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा, बोर्डिंग
शिफारस – सिफारिश
निषेध – नापसंती उघडपणे दाखवणे
निराधार – बेसहारा
कर्करोग – कॅन्सर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुथुलक्ष्मींचा जन्म कोठे झाला?
(आ) विवाहाच्या वेळी त्यांची कोणती अट होती?
(इ) ‘अव्वै होम’ला कोणाचे नाव दिले आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ठराव आणि कायदा यांत काय फरक आहे?
(आ) देवदासी आई मुलीला देवाला का वाहत असे? १९२९ च्या दुरुस्तीने काय बदलले?

प्र. ३. ‘जोपर्यंत... तोपर्यंत’ वापरून दोन वाक्ये तयार करा.
नमुना : जोपर्यंत पाऊस पडतो, तोपर्यंत आम्ही घरातच थांबतो.

प्र. ४. वर्गात चर्चा करा.
१९३० मध्ये मुथुलक्ष्मींनी राजीनामा दिला, हे तुम्हांला योग्य वाटते का? आपल्या मताचे कारण सांगा.