एक बाटली, एक किलो रोहू

नवतप्याच्या दिवसांत घोडाझरीच्या तलावावर ज्याने डोंग्यात बसून जाळं ओढलं आहे, त्याला ऊन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमच्या नागभीडच्या शेजारची ब्रह्मपुरी दर मे महिन्यात राज्यातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत असते. पारा ४५-४६ अंशांवर जातो. डोंग्यात सावली नसते, लाकूड तापतं आणि जाळ्यातून निघालेला मासा काही तासांतच मऊ पडू लागतो. मेलेल्या माशाच्या कल्ल्यांत, पोटात आणि अंगावरच्या चिकट थरात जिवाणू असतातच; उष्णता मिळाली की ते झपाट्याने वाढतात. एकदा गेलेला ताजेपणा तलावाच्या पारीवर येऊन कितीही बर्फ घातला तरी परत येत नाही. म्हणून बर्फ डोंग्यातच हवा, आणि तो मासळीसाठीच हवा.

हे लिहावंसं वाटलं ते एका उन्हाळ्यातल्या नुकसानीमुळे. चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हापासून सहलीला येणाऱ्यांच्या सामानात बिअर दिसू लागली. नुकसान झालं त्या दिवशी शहरातून आलेल्या काही पाहुण्यांना जाळी कशी उचलतात ते बघायचं होतं. आमच्या दादांनी त्यांना डोंग्यात घेतलं. सोबत बाटल्यांचा एक खोका होता, दुकानातून आणलेला, गाडीत तापलेला. "भाऊ, तुमच्या पेटीत जागा आहे नं, ठेवू द्या थोड्या वेळ," असं म्हणून त्यांनी बाटल्या आमच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात खुपसल्या. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मग दर थोड्या वेळाने झाकण उघडायचं, हात घालून चाचपायचं, एखादी काढायची. आम्ही जाळी उचलून संपवली तेव्हा पेटीत गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात रोहू-कतला तरंगत होते. बाजारात मासळी विकणाऱ्या आमच्या वहिनींनी एकेका माशाचं पोट दाबून पाहिलं, कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "हा माल मी पाटीत घेत नाही." त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याकडून मासे घेणारी घरं वर्षानुवर्षांची आहेत.

पाहुण्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाटली बर्फात ठेवली तर बर्फाचं काय जातं, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून बघा. एक किलो बर्फ शून्य अंशावर वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. ६५० मिलीची बाटली ३८ अंशांवरून ५ अंशांवर आणायची तर काचेसकट २४-२५ किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे ३०० ग्रॅम बर्फ गेला. एक किलो रोहू ३० अंशांवरून शून्यावर आणायला जवळपास तेवढाच बर्फ लागतो. बारा बाटल्यांचा एक खोका साडेतीन किलो बर्फ खातो, आणि त्या बर्फावर जगणारी दहा-अकरा किलो मासळी उघडी पडते. झाकण उघडल्यावर आत शिरणारी गरम हवा याच्याही वर.

दुसरी अडचण अशी की दोघांना लागणारा थंडावा सारखा नाही. बाटलीला बर्फाचं पाणी फायद्याचं असतं. खडे बाटलीला दोन-चार जागीच टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं, म्हणून बर्फात थोडं पाणी घातलं की बाटली लवकर गार होते. मासळीलाही पहिल्यांदा, जाळ्यातून निघाल्या निघाल्या, बर्फाच्या पाण्यात बुडवणं उत्तम. पण नंतर ते पाणी काढून टाकावंच लागतं, कारण त्यात रक्त आणि चिकटा उतरलेला असतो. पेटीच्या तळाला भोक ठेवा आणि ते उघडं राहू द्या. एकाच पेटीत दोन्ही जमत नाही.

म्हणून ज्यांना सोबत बाटल्या न्यायच्याच आहेत त्यांनी त्या रात्रीच घरच्या फ्रीजमध्ये गार कराव्यात आणि वेगळ्या पेटीत आणाव्यात. गार बाटली गार ठेवायला फार थोडा बर्फ पुरतो. बर्फात मीठ टाकून झटपट गार करायच्या नादी लागू नका. मिठाचा बर्फ शून्याच्या बराच खाली जातो आणि बाटली आत गोठून फुटते. पेटीवर ओलं पोतं टाकून ती सावलीत, वाऱ्याला ठेवा. पोत्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. आणि कळकळीने सांगतो, बाटली उघडायची ती काठावर आल्यावर. डोंगा अरुंद असतो, एक माणूस तोल जाऊन कलला तर सगळे पाण्यात जातात. घोडाझरी आता अभयारण्य आहे, तेव्हा तिथले नियम आधी विचारून घ्या आणि काच तिथे टाकू नका.

मासळी धरणाऱ्या भावांसाठी मात्र थोडं सविस्तर सांगतो. जाळी ऊन चढायच्या आत उचला. जाळ्यात अडकून कोमट पाण्यात मेलेला मासा डोंग्यात येण्याआधीच अर्धा गेलेला असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा. लादी घरूनच बारीक फोडून न्या. मोठी ढेकळं माशाला लागत नाहीत आणि त्यांच्या कडा अंगावर रुततात. तळाला बर्फाचा थर, त्यावर मासे, परत बर्फ, आणि वरचा थर जाडसर. पेटी ठासून भरू नका, खालच्या माशांची पोटं फुटतात. कालचा उरलेला बर्फ आज वापरू नका, कालची घाण त्यातच असते.

बर्फ कुठला घेता हेही पाहा. खाण्याच्या कामाचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे. स्वस्त मिळतो म्हणून निळी लादी मासळीवर टाकू नका. आणि बर्फाला पर्याय म्हणून कोणी फॉर्मॅलिन सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते प्रेतं टिकवायचं रसायन आहे. २०१८ च्या जुलैत गोव्यात त्याच्या नुसत्या संशयावरून बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद झाली होती. तेवढ्यात किती घरांचं पोट अडलं असेल, याचा विचार करा.

बर्फ कमीच मिळाला असेल तर तो सगळा रोहू, कतला, मृगळ यांना द्या. मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात; त्यांना बर्फात मारायची गरज नाही. घमेल्यात थोडं पाणी घ्या, पण ते काठोकाठ भरू नका, त्यांना तोंड वर काढायला जागा हवी. वरून ओलं पोतं घाला, कारण मरळ उडी मारून निघून जातो. बाजारात जिवंत मरळाला भावही चांगला मिळतो.