मोठा गट की आपला गट? यूकॉनने १ कोटी ७० लाख डॉलर भरून घेतलेला निर्णय

"मॅडम, मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी मिळतेय, घेऊ का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. आज त्याचं उत्तर मी दुकानातून नाही, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधून देणार आहे. हसू नका, वाचा.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला मित्रमंडळी येतात, फार तर पालक. तिथे कॉलेजच्या मॅचना हजारोंची गर्दी होते आणि टीव्ही कंपन्या त्या विकत घेतात. पण बहुतेक कॉलेजं हा सौदा एकेकटी करत नाहीत. ती मिळून गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. सीझनमधल्या बऱ्याच मॅच गटातल्या गटात होतात, टीव्हीचे हक्क गट एकत्र विकतो आणि पैसे वाटून घेतो. म्हणजे कोणाशी खेळणार, किती लांब प्रवास करणार आणि हातात किती पडणार, हे सगळं गटावर ठरतं. चांगले खेळाडूसुद्धा कॉलेज निवडताना गट बघतात.

आता केस. युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट, लोक म्हणतात यूकॉन. १९७९ साली बिग ईस्ट हा गट सुरू झाला तेव्हापासूनचा सभासद. हा गट उभाच राहिला बास्केटबॉलवर. जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, प्रॉव्हिडन्स हे जुने प्रतिस्पर्धी, त्यातले बरेच बसने जाण्याच्या अंतरावर. पुढे फुटबॉलचा पैसा मोठा झाला आणि गटात भांडणं लागली. २०१३ मध्ये बास्केटबॉलवाली सात कॉलेजं बिग ईस्टचं नाव घेऊन वेगळी झाली. यूकॉन राहिलं उरलेल्यांच्या गटात, त्याचं नवं नाव अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स.

पहिल्याच सीझनला, २०१४ मध्ये, यूकॉनची पुरुषांची टीम देशात पहिली आली! सगळ्यांना वाटलं, काही बिघडलं नाही. पण जुन्या गिऱ्हाइकांच्या जोरावर पहिलं वर्ष निघून जातं हो. नंतर कनेक्टिकटच्या प्रेक्षकाला टल्सा किंवा ईस्ट कॅरोलिनाशी होणाऱ्या मॅचचं काय कौतुक? जुनं वैरच नाही तर तिकीट कोण काढणार? महिलांची टीम तर या गटात सात वर्षांत एकही मॅच हरली नाही. ऐकायला भारी वाटतं, पण टक्करच नसेल तर बघणार काय? पुरुषांची टीम २०१७ ते २०१९ सलग तीन सीझन जिंकण्यापेक्षा जास्त मॅच हरली. स्पोर्ट्स विभागाची वर्षाची तूट ४ कोटी डॉलरपर्यंत गेली, आणि ती युनिव्हर्सिटीला भरावी लागत होती.

२०१९ मध्ये अमेरिकन गटाने टीव्हीचा नवा बारा वर्षांचा करार जाहीर केला. बातम्यांनुसार साधारण १ अब्ज डॉलरचा, म्हणजे प्रत्येक कॉलेजचा वाटा बिग ईस्टपेक्षा मोठा. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत यूकॉनने सांगितलं, आम्ही बिग ईस्टमध्ये परत चाललो. बाहेर पडायची फी १ कोटी ७० लाख डॉलर. वर आणखी एक किंमत: बिग ईस्टमध्ये फुटबॉल नाहीच, त्यामुळे त्यांच्या फुटबॉल टीमला गटच उरला नाही. ती टीम तेव्हापासून स्वतंत्र खेळते, दरवर्षी स्वतः फोन फिरवून मॅच ठरवते.

२०२० मध्ये ते परतले. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं पुरुषांची टीम राष्ट्रीय विजेती. सगळं श्रेय गटाला देऊ नका, कोच डॅन हर्ली २०१८ पासून टीम बांधत होते. पण तिकीट काढणाऱ्याला ओळखीचा सामना परत मिळाला, हे नक्की.

मग मोठ्या, जुन्या गटात माणूस सेफ असतो का? पॅसिफिक किनाऱ्यावरचा पॅक-१२ बघा. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी बिग टेन या श्रीमंत गटात जायचं जाहीर केलं. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत बारापैकी दहा जणांनी दुसरं घर शोधलं होतं. उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोन्ही छोट्या गावातले. त्यांचा खेळ वाईट नव्हता, त्यांच्यामागे टीव्हीचं मोठं मार्केट नव्हतं. दोघांनी कोर्टात जाऊन गटाचा ताबा मिळवला आणि बोईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट अशा नव्या सभासदांना २०२६ पासूनसाठी जोडून घेतलं.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीला मी एका ब्रँडशी "फक्त आमचाच माल" असा करार केला होता. बोर्ड झकास, मार्जिन दुसऱ्यांपेक्षा जास्त. पण माझं गिऱ्हाईक शाळेतली मुलं, त्यांना पाच रुपयांचं पेन हवं, आणि ते त्या ब्रँडकडे नव्हतंच. वर्षभरात मुलं समोरच्या दुकानात जायला लागली. मी बाहेर पडले तेव्हा डिपॉझिट गेलं. बीबीएला कॉन्ट्रॅक्टचा पेपर होता, पासही झाले होते, पण स्वतःच्या करारातलं बाहेर पडण्याचं कलम मी सही करून झाल्यावर वाचलं.

तुमच्याकडे असा करार आला असेल तर ते पान आधी उघडा, आणि तुमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांना विचारा की ते नक्की काय घ्यायला येतात. ही दोन्ही उत्तरं घेऊनच पुढच्या सेशनला या, तिथे आपण एकेक करार समोर ठेवून बघू.